वचन, प्रार्थना आणि वावर: गावाकडच्या विश्वासणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गावातल्या गृहसभेत गीत होतं, वचन होतं, प्रार्थना होते. मनातले प्रश्न मात्र त्यानंतर, चहाच्या वेळी निघतात. तेच ते प्रश्न अमरावती, यवतमाळ, वाशिमकडच्या खेड्यांतून पुन्हा पुन्हा कानावर येतात, म्हणून त्यांची उत्तरं इथे लिहून ठेवली आहेत. पुस्तक, अध्याय आणि ओवी दिली आहे. प्रत्येकाने स्वतःच्या बायबलमध्ये उघडून पाहावं. बिरुयातले लोक खुद्द पौलाचं बोलणंही शास्त्राशी ताडून बघत होते आणि त्याबद्दल त्यांचं कौतुकच झालं आहे (प्रेषितांची कृत्ये १७:११).

मिरगापासून दिवाळीपर्यंत मान वर करायला फुरसत नसते. बायबल वाचायचं कधी?

रोज अमुक इतकं वाचलंच पाहिजे असा नियम शास्त्रात कुठेही नाही. पहिलं स्तोत्र रात्रंदिवस मनन करणाऱ्या माणसाला धन्य म्हणतं, आणि मनन हात कामात असतानाही होतं. पेरणीच्या दिवसांत सकाळी चहा उकळेपर्यंत स्तोत्राच्या दोन ओळी वाचा आणि त्याच घेऊन वावरात जा. निंदताना, डवरताना त्या मनात घोळवा. संध्याकाळी घरी परतेपर्यंत त्यातला एखादा शब्द तुम्हाला नक्की टोचलेला किंवा धीर देऊन गेलेला असेल.

उलट चैत्र-वैशाखात वावर रिकामं असतं, दुपारी ऊन बाहेर निघू देत नाही. तेव्हा एका बैठकीत अख्खं रूथचं पुस्तक वाचून होतं, चारच अध्याय आहेत. शेतीला हंगाम आहे तसा वाचनालाही असू द्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे. शहरातल्या नोकरदाराचं वेळापत्रक आपल्या घराला लावून अपराधी वाटून घेऊ नका.

सुरुवात कुठून करू? उत्पत्तीपासून दोनदा सुरू केलं, मधेच सुटलं.

बऱ्याच जणांचं असंच होतं. उत्पत्ती रंगतं, अर्धं निर्गम रंगतं, मग निवासमंडपाची मापं येतात आणि वाचन थांबतं. मार्काच्या शुभवर्तमानापासून सुरू करा. सोळा अध्याय आहेत आणि येशू त्यात सतत चालताना, काम करताना दिसतो. चौथ्या अध्यायात कास्तकाराला आपलासा वाटेल असा दाखला आहे: माणूस बी टाकतो, रात्री झोपतो, दिवसा उठतो, आणि बी कसं उगवतं हे त्याला कळतही नाही (४:२६-२९). सरकी टोबून आभाळाकडे बघत बसलेल्या माणसाला तो वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

मार्क झालं की याकोबाचं पत्र घ्या, पाचच अध्याय. सोबत रोज एक स्तोत्र. एखादी ओवी कळली नाही तर खूण करून ठेवा आणि पाळकसाहेबांना विचारा. कूशी देशाचा मोठा अधिकारी रथात बसून यशया वाचत होता. फिलिप्पाने विचारलं, वाचता ते समजतं का? तो सरळ म्हणाला, कोणी सांगितल्याशिवाय कसं समजेल? (प्रेषित ८:३०-३१). एवढ्या अधिकाऱ्याला विचारायची लाज वाटली नाही, आपण का वाटून घ्यावी?

माझ्या सासूबाईंना अक्षरओळख नाही. त्यांनी काय करावं?

ऐकावं. आणि ऐकणं म्हणजे कमी प्रतीची भक्ती असा विचार मनातून पार काढून टाकावा. प्रकटीकरणाच्या अगदी सुरुवातीला (१:३) वाचून दाखवणाऱ्याबरोबर ऐकणाऱ्यांनाही धन्य म्हटलं आहे. पहिल्या शतकातल्या मंडळ्यांत घरोघरी पुस्तकं नव्हती. पौलाची पत्रं एक जण वाचायचा आणि बाकीचे ऐकायचे. मराठीत छापील नवा करार १८११ साली श्रीरामपूरहून निघाला. त्यानंतरही कित्येक पिढ्या आपल्या आज्यांनी वचन ऐकूनच धरून ठेवलं.

आता मोबाइलवर मराठी बायबल ऐकायला मिळतं. नातवाला एकदा लावून द्यायला सांगा, मोबाइल शेंगा फोडताना बाजूला ठेवा. पण एवढ्यावर थांबू नका. नातवाने किंवा सुनेने रोज रात्री दहा ओव्या मोठ्याने वाचाव्यात आणि आजीने त्या आपल्या शब्दांत परत सांगाव्यात. जी आजी उधळ्या पुत्राची गोष्ट वऱ्हाडीत सांगते, ती ऐकताना बाप धावत आला या जागी घरातली पोरं आपोआप गप्प होतात.

गीतांचंही तसंच आहे. नारायण वामन टिळक नागपूर-राजनांदगाव भागात असताना त्यांच्या हाती नवा करार आला. १८९५ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि पुढे अभंग-भजनांच्या चालीत ख्रिस्ताची गीतं लिहिली, ज्यामुळे टाळ-मृदंगावर वाढलेल्या माणसाला ती परकी वाटली नाहीत. वाचता न येणाऱ्यांच्या तोंडी वचन बसलं त्यात अशा गीतांचा वाटा मोठा आहे. सासूबाईंना जी गीतं पाठ आहेत, ती त्यांच्याकडून लिहून घ्या.

प्रार्थना करायला बसलो की शब्द सुचत नाहीत. सभेत इतर जण किती छान बोलतात!

पुष्कळ बोललो म्हणजे देव ऐकतो ही समजूत येशूनेच खोडून काढली आहे आणि त्यापाठोपाठ लहानशी प्रभूची प्रार्थना शिकवली (मत्तय ६:७-१३). तिचा क्रम बघा. आधी बापाचं नाव, त्याचं राज्य, त्याची इच्छा. मग रोजची भाकर, क्षमा, मोहापासून राखण. एकेका ओळीवर थांबा आणि आपल्या घरातलं त्या ओळीत आणा. रोजच्या भाकरीपाशी रेशनची आणि पीककर्जाची गोष्ट येईल. क्षमेपाशी कोणाचं तरी तोंड डोळ्यांपुढे येईल, तिथून पळू नका.

आणि पुस्तकी मराठीची काही गरज नाही. "देवा, पऱ्हाटी वाळून रायली, मनात लय भेव हाय" ही पूर्ण प्रार्थना आहे. तेवढंही बोलवेना, तर आपल्याला नीट मागता येत नाही तेव्हा आत्मा स्वतः कण्हून आपल्यासाठी मागतो असं रोमकरांस पत्रात लिहिलं आहे (८:२६). नहेम्याने राजापुढे उभं राहून, प्रश्न आणि उत्तर यांच्या मधल्या क्षणात प्रार्थना केली (नहेम्या २:४). बँकेच्या काउंटरपुढे, तहसीलच्या रांगेत अशी प्रार्थना करता येते.

पाऊस मागितला, उपास केला, तरी दुबार पेरणी आली. आमचा विश्वास कमी पडला का?

नाही. हा प्रश्न विचारणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी असतं, म्हणून आधी एवढंच ठामपणे सांगायचं: नाही.

देव चांगल्यांवर आणि वाइटांवर सारखाच पाऊस पाडतो असं येशू म्हणाला (मत्तय ५:४५). म्हणजे पाऊस हे विश्वासाचं प्रगतिपुस्तक नव्हे. शेजाऱ्याच्या वावरात सर आली आणि आपल्यात आली नाही, त्यावरून देव कोणावर खूश आहे हे ठरवू नये. २०१७ साली विदर्भभर गुलाबी बोंडअळी आली, तेव्हा ती कोणाच्या दारावर क्रूस आहे हे बघून आली नव्हती.

अशा वेळी हबक्कूकचा तिसरा अध्याय काढा. अंजीर फुलला नाही, द्राक्षीला फळ नाही, जैतुनाने दगा दिला, शेतात अन्न नाही, कोंडवाड्यात मेंढरं नाहीत, गोठ्यात गुरं नाहीत (३:१७). तो एकेक तोटा मोजतो. कास्तकार मंडईतून परतल्यावर हिशेब करतो तसाच हा हिशेब आहे, एकही रक्कम लपवलेली नाही. त्यानंतर तो म्हणतो, तरी मी परमेश्वराच्या ठायी हर्ष करीन. लोक हे शेवटचं वाक्य तेवढं भिंतीवर लावतात. माझं सांगणं असं की आधीची यादीही मोठ्याने वाचा, आणि तिच्यात आपली यादी घाला: सोयाबीनला शेंग नाही, तूर उधळली, कृषी केंद्राची उधारी उभी आहे. देवापुढे तोटा बोलून दाखवणं ही तक्रारखोरी ठरत नाही. तेराव्या स्तोत्रात दावीद "किती काळ?" असं चारदा विचारतो आणि ते स्तोत्र शास्त्रात तसंच ठेवलं आहे.

रोज प्रार्थना करतो, पण धुऱ्यावरून शेजाऱ्याशी बोलणं बंद आहे. ते मनातून जात नाही.

जाऊ नयेच. वेदीपाशी अर्पण घेऊन आलात आणि भावाच्या मनात तुमच्याविरुद्ध काही आहे हे आठवलं, तर अर्पण तिथेच ठेवा, आधी जाऊन समेट करा, मग या, असं मत्तय ५:२३-२४ सांगतं. यात चूक कोणाची आहे हे विचारलेलंच नाही.

धुऱ्याबद्दल तर शास्त्र फारच उघड बोलतं. शेजाऱ्याच्या शेताची हद्द सरकवू नको (अनुवाद १९:१४), आणि जो सरकवील तो शापित, यावर सगळ्या लोकांनी आमेन म्हणायचं होतं (अनुवाद २७:१७). दरवर्षी वखराच्या एका तासाने धुरा कोरणारा माणूस रविवारी पहिल्या बाकावर बसून आमेन म्हणत असेल, तर तो आमेन त्याच्यावरच पडतो. हे कडक वाटेल, पण गावातली निम्मी भांडणं इथूनच उठतात आणि कोर्टकचेरीत बापाची जमीन लेकाच्या हातून जाते.

आमच्या मंडळीत एक काकाजी आहेत. त्यांच्या आणि शेजाऱ्याच्या वावरामधल्या धुऱ्यावर बोरीचं झाड होतं आणि ते कोणाच्या बाजूला यावरून कित्येक वर्षं रामराम बंद होता. काकाजींनी भूमी अभिलेखात मोजणीचा अर्ज टाकला, पण आधी शेजाऱ्याच्या दारात जाऊन सांगितलं, "मोजणी येईल, खुणा जिथे निघतील तिथे दगड रोवू, माह्याकडे सरकला तरी मले मंजूर हाय." मोजणीत झाड शेजाऱ्याकडे गेलं. त्या दिवशी दोघांनी मिळून दगड रोवले आणि शेजारणीने मोजणीदारासोबत काकाजींपुढेही चहाचा कप ठेवला. काकाजी सभेत यावर साक्ष वगैरे देत नाहीत. त्यांची प्रार्थना मात्र पहिल्यापेक्षा लहान झाली आहे आणि शेजाऱ्याचं नाव तिच्यात येतं.

तुमचा शेजारी ऐकेलच असं नाही. "तुमच्याकडून होईल तितकं" शांतीने राहा, असं रोमकरांस १२:१८ म्हणतं. तुमचा वाटा पूर्ण करा.

मजुरांशी वागण्याबद्दल बायबल काही सांगतं का? आम्ही तर स्वतःच लहान कास्तकार.

पुष्कळ सांगतं. आणि लहान कास्तकारही वेचणीला बाया लावतोच.

मजुरी त्याच दिवशी, सूर्य मावळायच्या आत द्यावी, कारण तो गरीब आहे आणि त्याचं लक्ष तिच्याकडे लागलेलं असतं (अनुवाद २४:१५). बाजाराच्या दिवशी चुकारा करायचं दोघांच्या संमतीने ठरलं असेल तर तो दिवस टळू देऊ नका. वेचलेल्या कापसाचा काटा खरा ठेवा. खोटा तराजू परमेश्वराला किळसवाणा वाटतो (नीतिसूत्रे ११:१). अडवून ठेवलेली मजुरी स्वतः ओरडते आणि तिचा आवाज देवाच्या कानी जातो, असं याकोब लिहितो (५:४).

फवारणीबद्दलही सांगायला हवं. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-मजूर दगावले. अनुवाद २२:८ मध्ये एक साधी आज्ञा आहे: नवं घर बांधशील तेव्हा गच्चीला कठडा कर, कोणी पडून मेला तर त्याच्या रक्ताचा दोष तुझ्या घरावर यायला नको. आपल्याकडे तो कठडा म्हणजे मास्क, हातमोजे, चष्मा, अंगभर कपडे, वाऱ्याची दिशा बघणं आणि फवारणीनंतर हातपाय धुवायला साबण-पाणी. पंप पाठीवर घेणारा माणूस रोजाचा आहे म्हणून त्याचा जीव स्वस्त होत नाही. हे पाळणं म्हणजे शास्त्र पाळणंच आहे.

पोळ्याला काय करायचं? शेजारी प्रसाद देतात तो घ्यायचा का?

बैलाचा मान करायला आपल्याला कोणाची परवानगी लागत नाही. मळणी करणाऱ्या बैलाला मुसकी बांधू नको (अनुवाद २५:४), सातव्या दिवशी बैल-गाढवालाही विसावा दे (निर्गम २३:१२), नीतिमान माणूस आपल्या जनावराच्या जिवाची काळजी घेतो (नीतिसूत्रे १२:१०). बैल धुवा, खांदशेकणी करा, गोडाधोडाचं खाऊ घाला, त्या दिवशी जू ठेवू नका आणि देवाचे आभार माना. पूजेत भाग घेत नाही हे शेजाऱ्यांना एकदा नम्रपणे सांगितलं की गावातले लोक समजून घेतात; त्यांच्या सणाला नावं ठेवून मात्र कोणी ख्रिस्ताजवळ येत नाही.

प्रसादाबद्दल करिंथकरांस पहिल्या पत्राचे ८ आणि १० हे अध्याय सोबत वाचा. मूर्ती काही नाही हे पौल जाणतो, तरी एखाद्या दुबळ्या भावाचा विवेक दुखावू नये म्हणून तो जपतो, आणि मूर्तीच्या वेदीत सहभागी होऊ नका असंही स्पष्ट सांगतो. मंडळीत यावर दोन मतं असतात. जो घेत नाही त्याने घेणाऱ्याला पापी म्हणू नये, जो घेतो त्याने न घेणाऱ्याला हसू नये (रोमकरांस १४:३). प्रसाद नाकारायचा असेल तर हात जोडून नाकारा आणि नाताळात आपला फराळ त्यांच्या घरी आधी पोचवा.

आजारात प्रार्थना करायची की दवाखान्यात जायचं?

दोन्ही, आणि सापाने चावलं असेल तर आधी गाडी. ज्याला चावलं त्याला हलू देऊ नका, चिरा देऊ नका, बुवाबाजीत वेळ घालवू नका, प्रतिविष मिळेल त्या सरकारी रुग्णालयात न्या आणि प्रार्थना गाडीत करा.

आजाऱ्यासाठी मंडळीच्या वडिलांना बोलवा असं याकोब ५:१४ सांगतं. तोच देव हिज्कीयाच्या गळवावर अंजिराचा लेप लावायला लावतो (यशया ३८:२१) आणि लूकला पौल प्रेमाने वैद्य म्हणतो. वाशिमचं रेनॉल्ड्स मेमोरियल, नागपूरचं म्युर मेमोरियल ही रुग्णालयं प्रार्थना करणाऱ्यांनीच उभारली. प्रार्थनेनंतर टीबीच्या किंवा बीपीच्या गोळ्या बंद करा असं कोणी सांगितलं, तर ऐकू नका. मग तो सांगणारा कितीही मोठा प्रचारक असो.

कर्जाने जीव नकोसा झाला आहे. असा विचार मनात येणं पाप आहे का?

तुम्ही हे स्वतःबद्दल विचारत असाल तर पुढचं वाचण्याआधी घरातल्या किंवा शेजारच्या एका माणसाला हाक मारा. टेलि-मानस या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालू असतो, मोफत आहे, मराठीत बोलता येतं.

आता शास्त्राकडे या. पहिले राजे, अध्याय १८ मध्ये एलियाच्या प्रार्थनेने पाऊस आला. १९ व्या अध्यायात तोच एलिया रानात झुडपाखाली बसून म्हणतो, परमेश्वरा, पुरे झालं, माझा प्राण घे. पाऊस आणणाऱ्या माणसाला असं वाटलं. देव त्याला रागावला नाही, विश्वास कुठे गेला असं विचारलं नाही. एलिया झोपला. दूताने त्याला हात लावून उठवलं, निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याची सुरई उशाशी होती. खाल्लं, पुन्हा झोपला. पुन्हा दूत आला, पुन्हा खाऊ घातलं, म्हणाला, तुला पुढची वाट झेपायची नाही. बोलणं त्यानंतर बऱ्याच दिवसांनी, होरेब डोंगरावर झालं.

म्हणून मंडळीतल्या भावा-बहिणींनो, असं कोणी दिसलं तर वचनांचा मारा करू नका. भाकर घेऊन जा. रात्री सोबत झोपा. दाराआडचा फवारणीच्या औषधाचा डबा न बोलता उचलून आपल्या घरी कुलपात ठेवा. ईयोबाच्या मित्रांनी केलेलं चांगलं काम एकच, सात दिवस ते त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले (ईयोब २:१३). बोलायला लागल्यावर त्यांनी बिघडवलं. दुसऱ्या दिवशी सोबत बँकेत जा, कर्जाच्या पुनर्गठनाची विचारपूस करा, सावकाराचा कागद कोणा जाणत्याला दाखवा. आणि ज्या घरातला कर्ता असा गेला आहे, त्या घराबद्दल त्याच्या तारणाचा निकाल देऊ नका. तो अधिकार आपल्याला दिलेला नाही. त्या विधवेचा सातबारा तिच्या नावावर व्हावा म्हणून तलाठ्याकडे खेटे घालणं हे आपलं काम आहे; अनाथ आणि विधवांच्या दुःखात त्यांचा समाचार घेणं हाच शुद्ध धर्म (याकोब १:२७).

मोबाइलवर एक प्रचारक सांगतात, अमुक रक्कम पाठवा, आशीर्वाद मिळेल. पाठवू का?

नको. पैसे देऊन देवाचं दान विकत घेऊ पाहणाऱ्या शिमोनाला पेत्राने काय सुनावलं ते प्रेषित ८:२० मध्ये आहे. दान खुशीने, मनात ठरवून द्यायचं (२ करिंथ ९:७), आणि ते कुठे जातं हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे.

शेजारचं घर कॅथलिक, आम्ही सीएनआयचे (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, प्रोटेस्टंट मंडळी). सोबत प्रार्थना चालेल का?

चालेल. त्यांच्या बायबलमध्ये ७३ पुस्तकं, आपल्या ६६, पण चारही शुभवर्तमानं आणि दीडशे स्तोत्रं दोघांकडे आहेत. सीएनआय स्वतःच सहा मंडळ्या एकत्र येऊन २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात झालेली आहे. गावात दोनच ख्रिस्ती घरं असतील तर त्यांनी वेगवेगळं गाणं म्हणावं हे मला पटत नाही.

रात्री प्रार्थनेला बसलं की झोप लागते.

गेथशेमानेत शिष्यांनाही लागली. दिवसभर राबलेलं शरीर आहे, चालत प्रार्थना करा. हरभऱ्याच्या जागलीवर असाल तर उत्तमच. रोही आणि डुकरं हाकलायला रात्रभर जागायचंच असतं, १३० वं स्तोत्र पहाटेची वाट पाहणाऱ्या पहारेकऱ्यांबद्दलच आहे. ते पाठ करून ठेवा. बॅटरी एकदा चौफेर फिरवली की एकेका घराचं नाव घेऊन गावासाठी मागा.

मुलांना हे सगळं कसं शिकवायचं? ती मोबाइलमधून डोकं काढत नाहीत.

घरी बसताना, वाटेने चालताना, झोपताना, उठताना या गोष्टी लेकरांशी बोला, असं अनुवाद ६:७ सांगतं. वेगळा तास लावा असं तिथे नाही. वावरात जाताना पोराला गाडीवर मागे बसवलं की तो तुमचाच असतो. त्याला रूथ कणसं वेचायला गेली ती गोष्ट सांगा, शेताच्या कडेचं पीक गरिबांसाठी सोडायची आज्ञा सांगा (लेवीय १९:९), आणि वेचणी आटोपल्यावर धुऱ्याकडच्या ओळींतली उरलेली बोंडं ज्या बाईला वावर नाही तिला वेचू द्या. पोराला तिथे उभं राहू द्या. तो विचारेल, आपला कापूस आपण तिला का देतो? तेव्हा सांगा.

रात्री सगळे एकत्र बसता तेव्हा सगळ्यात लहान मुलाला आधी प्रार्थना करू द्या. तो वासरासाठी मागेल, क्रिकेटसाठी मागेल. हसू नका, आमेन म्हणा. मोबाइल बाजूला ठेवायचा नियम करायचा असेल तर तो बापाने पहिल्यांदा पाळावा.